उन्हाळ्यात ऑसिलेटर सुरात राहीना (परभणी, खोलीत ४२ अंश)

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी,

मी परभणीचा. दिवसभर पाणबुडी मोटारी आणि स्टार्टर दुरुस्त करतो, रात्री जेवणं झाली की मॉड्यूलर सिंथ, म्हणजे सुट्या पट्ट्या वायरींनी जोडून आवाज घडवायचं विजेचं वाद्य, घेऊन बसतो. तीन वर्षं झाली. आधी कॉम्प्युटरवर व्हीसीव्ही रॅक हे मॉड्यूलरचं सॉफ्टवेअर टाकलं. ते फुकट मिळतं, त्यावर वायरी ओढून कान तयार केला. मग हातानं बनवायला घेतलं. आज सागवानी पेटीत ८४ एचपीची (इथं एचपी म्हणजे पट्ट्यांच्या रुंदीचं माप) एक ओळ भरली आहे: दोन ऑसिलेटर, एक लॅडर फिल्टर, दोन व्हीसीए, दोन एन्व्हलप, एक एलएफओ आणि आठ पायऱ्यांचा सिक्वेन्सर. सिक्वेन्सर विकत घेतला, बाकी सगळ्याला सोल्डरिंगचे डाग मीच दिलेत.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. साध्या कीबोर्डात आवाज आत तयार ठेवलेले असतात. मॉड्यूलरमध्ये एकेक काम एकेका पट्टीकडं. ऑसिलेटर नुसता सूर काढतो, फिल्टर त्याची धार कमी-जास्त करतो, व्हीसीए आवाज उघडतो आणि मिटतो. हे उघडणं-मिटणं किती वेळात व्हावं ते एन्व्हलप ठरवतो, एलएफओ सावकाश हेलकावे देतो आणि सिक्वेन्सर लावून ठेवलेले स्वर ओळीनं सोडतो. कुणी कुणाचं ऐकायचं ते आपण वायर लावून ठरवायचं. त्या वायरीतून जातो फक्त व्होल्टेज. एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो. रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आपली मॉड्यूल दाखवली तेव्हापासून व्होल्टेजनं सूर चालवायची ही रीत आहे, आणि डीटर डोप्फर यांनी नव्वदीच्या दशकात आणलेल्या युरोरॅक या ठरावीक मापाच्या मॉड्यूलमध्येही तीच चालते.

आता अडचण. जानेवारीत खोलीत २५ अंश होते तेव्हा दोन्ही ऑसिलेटर लावले. चार सप्तकं सरळ. आता मे महिना, वर पत्रा, दुपारी तीनला खोलीत ४२. मध्य सा बरोबर केला तर तार सा साठ-पासष्ट सेंट (एका सप्तकाचे १२०० सेंट) उतरतो आणि मंद्र सा जवळपास तितकाच चढतो. म्हणजे हार्मोनियमवरच्या लगतच्या दोन स्वरांतल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त बेसूर. नुसता सगळा सूर सरकला असता तर एका बटणानं जागेवर आणला असता. इथं सप्तकच आखडायलंय. बोर्डावरचा प्रीसेट स्क्रू फिरवून दुपारी जुळवतो, रात्री पुन्हा बिघडतं. कुणाला अनुभव आहे का?

कोटीवाला

मी नांदेडचा. पार्टसाठी हैदराबादला कोटीच्या गुजराती गल्लीत फेरी असते, म्हणून हे नाव.

दादा, तुमच्या हाताचा दोष नाही, ट्रान्झिस्टरचा स्वभावच तो. व्होल्टेज सरळ रेषेत वाढतो, पण सूर दर सप्तकाला दुप्पट व्हावा लागतो. हे रूपांतर ट्रान्झिस्टरची जोडी करते. त्या जोडीच्या बेसवर एका सप्तकासाठी लागणारा व्होल्टेज तापमानावर ठरतो: २५ अंशाला १७.८ मिलिव्होल्ट, ४२ अंशाला १८.८. तुमचं सर्किट मे महिन्यातही जानेवारीचे १७.८च देतंय. १२०० सेंटचं सप्तक ११३५ वर येतं. हिशेबानं ६५ सेंट, आणि तुम्ही मोजलेतही तेवढेच. मीटर चांगला धरता तुम्ही.

यावर उपाय जुना आहे. टेम्पको नावाचा रेझिस्टन्स मिळतो, दर अंशाला ३३०० पीपीएम, म्हणजे दहा लाखात ३३०० भाग, वाढणारा. ट्रान्झिस्टरला जितका जास्त व्होल्टेज हवा, तितकाच हा वाढवून देतो. पण तो जोडीला चिकटून बसला पाहिजे, मध्ये हीटसिंकची पेस्ट लावून. बोर्डावर दोन इंच लांब बसवला तर त्याला दुसरीच हवा लागते.

तुमच्या बोर्डावर त्या जागी काय आहे?

पूर्णाकाठ

साधा १ के मेटल फिल्म रेझिस्टन्स. टेम्पको इथं मिळेना, पुण्यात तापकीर गल्लीतही विचारलं होतं. बाहेरून मागवायचा तर पार्ट शंभराचा आणि पोस्ट-कस्टम त्याच्या कितीतरी पट. म्हणून तेव्हा साधा लावला आणि जानेवारीत काही वाटलं नाही.

कोटीवाला

तेच कारण. माझ्याकडं दोन शिल्लक आहेत. परभणीचा पोरगा रोज रेल्वेनं नांदेडला कॉलेजला येतो, त्याच्यासोबत पाठवतो. पैशाचं नंतर बघू.

बीसी ५४७ ची जोडी जुळवली होती ना? जुळवताना ट्रान्झिस्टर बोटात धरू नका, चिमट्यानं धरा आणि दोन मिनिटं थांबून मग वाचा. एका अंशाला दोन मिलिव्होल्टचा फरक पडतो, बोटाची ऊबसुद्धा मीटरवर दिसते. मी पहिल्यांदा चाळीस ट्रान्झिस्टर मोजले, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले तर एकही आकडा जुळला नाही. तेव्हा हे कळलं.

दुसरा मार्ग एएस ३३४० ही ऑसिलेटरची चिप. मूळ सीईएम ३३४० ची ती नक्कल. जपानच्या रोलंड कंपनीच्या १९८२ च्या एसएच-१०१ सिंथमध्ये मूळ चिप आहे. तापमानाची भरपाई चिपच्या आतच होते. पुढचा ऑसिलेटर त्यावर करा.

धाराशिवचा

सिंथमधलं मला फार कळत नाही, पण धागा वाचून राहवलं नाही.

आमचे अण्णा हलगी वाजवतेत. जत्रेत, मिरवणुकीत, कुस्त्यांच्या फडावर. पावसाळ्यात हवा पडली की कातडं बसतंय, आवाज भद् येतोय. मग वाजवायच्या आधी कडब्याचा जाळ करायचा आणि हलगी शेकायची. फार जवळ नेली तर कातडं जातंय, लांब धरली तर चढत नाही. अण्णा हलगी फिरवत शेकतेत आणि मधेच बोटानं एक टिचकी मारून ऐकतेत. तीन-चार टिचक्यांत त्यांना कळतंय की आली. तासाभरानं पुन्हा उतरली की पुन्हा शेकायची. वाजवणं आणि शेकणं ही दोन कामं हायेत असं अण्णांनी कधी धरलंच नाही.

तुमचं यंत्र वाचून मी अण्णांना सांगितलं की परभणीत एकाचं वाद्य उन्हानं उतरायलंय. अण्णा मनले, "मग त्याला सांग, वाजवायच्या आधी लावून घे. जे वाद्य हवा धरत नाही ते वाद्य कसलं?"

दुरुस्ती करू नका असं मला म्हणायचं नाही. पण तुणतुण्याची तारसुद्धा गोंधळी दर वेळी पिळून लावतेत. लावणं हे आपल्याकडं नवं नाही.

स्वरांगण

अण्णांना माझा नमस्कार सांगा. फार खरं बोलले.

मी अंबाजोगाईला गाणं शिकवते. सिंथमधलं मला काही येत नाही, तरी सुराबद्दल एक विचारायचं आहे. पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, शुद्ध गंधार चढा लागतो. चांगला जुळलेला तंबोरा ऐकलात तर त्याच्या खर्जातून आपोआप गंधार उमटतो, आणि पेटीचा गंधार त्याच्याशी भांडतो. विद्यार्थिनींना हे सांगून कळत नाही, ऐकवावं लागतं. तुमच्या यंत्रात गंधार हवा तिथं ठेवता येतो का? आणि तंबोऱ्यासारखं काही वाजतं का? इलेक्ट्रॉनिक तंबोरा आहे माझ्याकडं, रियाजाला तो चांगला आहे, पण जवारीची, म्हणजे तारेच्या झंकाराची, ती उघडत जाणारी रेघ त्यात मला सापडत नाही.

पूर्णाकाठ

ताई, याच प्रश्नासाठी मी या नादाला लागलो असं म्हटलं तरी चालेल.

गंधार हवा तिथं ठेवता येतो. पेटीचा गंधार सा पासून ४०० सेंटवर, म्हणजे आमच्या भाषेत ०.३३३ व्होल्ट. तंबोऱ्यातून उमटणारा सव्वापट कंपनांचा गंधार ३८६ सेंटवर, ०.३२२ व्होल्ट. फरक ११ मिलिव्होल्टचा. माझ्या सिक्वेन्सरच्या प्रत्येक पायरीला एक बटण आहे आणि ते कुठल्या ठरावीक खाचेत बसत नाही, हवं तिथं थांबतं. काल रात्री एका ऑसिलेटरवर सा धरून ठेवला आणि दुसऱ्याचा गंधार हळूहळू खाली आणला. आधी दोघांत घरघर ऐकू येते, मग ती संथ होत जाते, आणि एका जागी पूर्ण थांबते. ती जागा सापडली की खोली शांत झाल्यासारखी वाटते. तुमच्या विद्यार्थिनींना हेच ऐकवायला हवं. कानाला पुरावा मिळतो.

तंबोऱ्याचं असं करतो: सिक्वेन्सरच्या चार पायऱ्या, प, सा, सा, आणि खालचा सा. दोन्ही ऑसिलेटर करवती लाटेवर, एकमेकांपासून अगदी केसभर हलवलेले, दोन सेकंदांत एखादी लहर येईल इतकेच. दोन्ही फिल्टरमध्ये. फिल्टरचा रेझोनन्स, म्हणजे एका जागेच्या स्वराला तो देतो तो उठाव, स्वतः शिट्टी मारायच्या थोडा अलीकडं. आता खरी मेख: आवाजाच्या एन्व्हलपपेक्षा फिल्टरचा एन्व्हलप सावकाश उघडायचा. तार छेडली की आवाज लगेच यावा, पण वरचे स्वर मागून एकेक करून वर चढत यावेत. रेझोनन्सचं टोक ज्या ज्या स्वरावरून जातं तो तो उजळतो. जवारीच्या जवळ जातं. जवारी नाही म्हणणार, कारण खऱ्या तंबोऱ्यात प्रत्येक तार आधीच्या तारेच्या नादावर पडते आणि माझ्याकडं सगळ्या तारांना मिळून ऑसिलेटर-फिल्टरची एकच वाट आहे. नवी तार छेडली की जुनी तुटते. अशा चार वाटा लागतील. पुढच्या हिवाळ्याचं काम ते.

बीडकर७२

मन दुखवायचं नाही, खरंच विचारतो. हे सगळं मोबाइलच्या ॲपमध्ये फुकट होतं. त्यात ऊन लागत नाही, डाग द्यावे लागत नाहीत. मग इतका पैसा आणि वेळ कशासाठी?

पूर्णाकाठ

रास्त प्रश्न आहे. ॲप वाईट नाही, मीही तिथंच शिकलो. पण ॲपमध्ये जे बनवणाऱ्यानं ठेवलंय तेच सापडतं. इथं मी एकदा एलएफओची वायर चुकून ऑसिलेटरऐवजी एन्व्हलपच्या वेळेत लावली आणि पावसाच्या थेंबांसारखा, कधी लवकर कधी उशिरा पडणारा ठेका मिळाला. तो कुणी आत ठेवलेला नव्हता. दुसरं म्हणजे, मोटार उघडल्यावर ती का फिरते हे मला दिसतं. आवाजाचंही तसं दिसावं ही माझी तीव्र इच्छा होती. आता फिल्टरमधल्या ट्रान्झिस्टरची शिडी मी बोट ठेवून दाखवू शकतो.

गुलमंडी

संभाजीनगरहून. हे परदेशी वेड आहे असं कुणी म्हणायच्या आत आपला इतिहास लिहून ठेवतो.

१९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगचा मॉड्यूलर सिंथ बसवला गेला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर तो लावायला आले होते आणि या सगळ्यामागं संगीतकार गीता साराभाई होत्या. तिथं अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी टेपवर रचना केल्या. पुढं त्या टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या आणि अलीकडं ब्रिटिश कलाकार पॉल पुर्गस यांनी त्या शोधून जगापुढं आणल्या. मिनीमूग हा मूगचा छोटा सिंथ बाजारात येण्याच्या आदल्या वर्षी आपल्या देशात मूगवर काम चालू होतं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर झोप आली नाही.

आणि चरणजित सिंग. मुंबईतले सिनेमाचे वादक. १९८२ साली त्यांनी रोलंडचा ज्युपिटर-८ सिंथ, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसचं यंत्र घेऊन दहा रागांची तबकडी केली. तेव्हा ती कुणी फारशी विचारली नाही. पुढं १९८७ च्या सुमारास शिकागोच्या पोरांनी त्याच ३०३ वर ॲसिड हाऊस हे नाचायचं संगीत उभं केलं. २०१० मध्ये चरणजितजींची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा लोक चकित झाले, कारण आवाज तोच होता आणि पाच वर्षं आधीचा. उतारवयात त्यांनी परदेशांत कार्यक्रम केले. २०१५ मध्ये गेले.

माझं मत असं की ३०३ त्यांना सापडला तो मींडेमुळं. त्या यंत्रात प्रत्येक स्वराला वेगळं स्लाइड देता येतं: हा स्वर सरळ, हा पुढच्यात ओढून. रागदारीच्या माणसाला ते पहिल्या तासात हाताला लागणारच. शिकागोच्या पोरांनी तेच स्लाइड वेगळ्या कानानं ऐकलं.

स्वरांगण

हे वाचून आत्ता ती तबकडी ऐकली. तुमच्या मताशी सहमत. एका ठिकाणी मींड थोडी आखूड पडते, पण बाकी ठिकाणी राग ओळखता येतो आणि ते साधं काम नाही.

जालना_दुरुस्ती

जुन्या यंत्रांचं निघालंच आहे तर एक अनुभव सांगतो.

आमच्या गल्लीत एक काका राहतात. ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. गणपतीचे दहा दिवस, मग नवरात्र, मग लग्नसराई. गावोगाव टेम्पोतून. त्यांचा सहा आवाजांचा (एका वेळी सहा स्वर देणारा) जपानी ॲनालॉग कीबोर्ड वीस वर्षं माळ्यावर गोधडीत गुंडाळून होता. मागच्या दिवाळीत त्यांच्या मुलानं माझ्याकडं आणला. म्हणाला, भंगारात घालायच्या आधी एकदा बघा.

आधी पाठीमागची पट्टी वाचली. १०० व्होल्ट. जपानच्या बाजारातला माल. ज्यांना असं काही घरात सापडेल त्यांना हात जोडून सांगतो, स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय २३० वर लावू नका.

उघडला. त्या काळी मेमरी टिकवायला निकेल-कॅडमियमची बॅटरी थेट बोर्डावरच डाग देऊन बसवायचे. चाळीस वर्षांत ती फुटतेच. तिचा रस ट्रॅकवरून ओघळून गेला होता, तांबं हिरवं पडून सुटलं होतं, एका आयसीचे पाय नुसत्या स्पर्शानं गळाले. तो रस अल्कली असतो, म्हणून आधी पांढरं व्हिनेगर आणि दात घासायचा मऊ ब्रश. मग पाणी, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मग दोन दिवस वाळवण. त्यानंतर भिंगाखाली एकेक ट्रॅक मीटरनं तपासला. सतरा तुटलेले निघाले. सतरा ठिकाणी केसासारख्या तारेचे जंपर. बॅटरी लिथियमची घातली, मध्ये डायोड, म्हणजे ती चार्ज होणार नाही. सप्लायचे मोठे कंडेन्सर सगळे बदलले. सहा रविवार गेले.

चालू केला तेव्हा सहापैकी पाच आवाज बोलले. सहाव्याला पुढं आठ दिवस लागले. काका आले, खुर्चीवर बसले, पण वाजवलं काही नाही. आधी फिल्टरचं बटण धरलं आणि एक स्वर दाबून ते सावकाश उघडलं. मग बंद केलं. पुन्हा उघडलं. "हेच," म्हणाले. बराच वेळ तेवढंच करत होते.

तुमच्या गावात असा कुणी जुना ऑर्केस्ट्रावाला असेल तर माळ्यावर काय आहे ते एकदा विचारा. नुसती जुनी बॅटरी वेळेत काढून टाकली तरी तेवढ्यानं ते यंत्र आणखी वीस वर्षं जगेल.

लातूर_पॉलिटेक्निक

दादा, ताई, मी दुसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. सुरुवात कशानं करू? बजेट हजार रुपये. घरच्यांना एवढंच सांगता येईल.

कोटीवाला

हजारात मॉड्यूल येणार नाही, पण ऑसिलेटर येतो. सीडी ४०१०६ ही आयसी घे. आत सहा श्मिट ट्रिगर आहेत, म्हणजे सहा ऑसिलेटर. एकेकाला एक कंडेन्सर, एक पॉट (बटण फिरवून बदलणारा रेझिस्टन्स). ०.१ मायक्रोफॅरॅड आणि १०० के लाव, पॉट पूर्ण उघडला की साधारण १०० हर्ट्झ, कमी करत गेलास की वर चढतो. पॉटशी सिरीजमध्ये १ के टाकायला विसरू नकोस. नऊ व्होल्टची बॅटरी, झिरो पीसीबी. पॉटच्या जागी एलडीआर, म्हणजे उजेडानं बदलणारा रेझिस्टन्स, लावून खिडकीत ठेव, ढग आला की सूर उतरतो. ते झालं की मॉरिट्झ क्लाइन यांचे व्हिडिओ बघ. ते एकेक सर्किट ब्रेडबोर्डवर शून्यापासून उभं करतात. इंग्रजीत आहेत, पण तुला कळतील.

आणि पुढं कधी युरोरॅकला हात लावलास तर पॉवरची पट्टी. लाल कड उणे १२ व्होल्टकडं. दर वेळी बघायची, शंभराव्या वेळीसुद्धा. मी एकदा घाईत उलटी लावली आणि दोन महिन्यांची मेहनत एका क्षणात गरम झाली.

घरच्या इन्व्हर्टरचंही बघ. बऱ्याच घरांत स्क्वेअर वेव्हचा असतो. लाइट गेली की तोच गुंगाट सगळ्या ऑसिलेटरच्या मागं ऐकू येतो.

धाराशिवचा

एलडीआरचं वाचून माझ्या डोक्यात आलंय की हलगीचा आवाज यात घालता येईल का? अण्णांनी मारलेल्या थापेवर तुमचा फिल्टर उघडावा, असं काही?

पूर्णाकाठ

येतो. एन्व्हलप फॉलोअर म्हणतात त्याला. हलगीला पिझ्झोची, म्हणजे थरथरीचा व्होल्टेज करणारी, चकती चिकटवायची, तिचा आवाज डायोडनं सरळ करायचा, कंडेन्सरनं गुळगुळीत करायचा, की थापेच्या जोरानुसार व्होल्टेज मिळतो. पिझ्झो दहा रुपयांचा. अण्णा परभणीकडं कधी येणार असतील तर कळवा, मी वायर तयार ठेवतो.

पूर्णाकाठ (बारा दिवसांनी)

कळवायला उशीर झाला, पेरणीच्या आधी मोटारींची गर्दी असते.

कोटीवाल्या दादांचे टेम्पको मिळाले. ट्रान्झिस्टरची जोडी नव्यानं जुळवली, या वेळी चिमट्यानं. दोन्ही ट्रान्झिस्टर एकमेकांना तोंड करून, वर टेम्पको, पेस्ट, आणि सगळ्यावर श्रिंक ट्यूब. काल दुपारी तीनला खोलीत ४३ अंश: तार सा पाच सेंट उतरलेला. रात्री अकराला ३२ अंश: दोन सेंट. जिथं ६५ होते तिथं पाच. दादा, तुमचं देणं लागतो.

आणि अण्णांचं म्हणणं मी सोडलेलं नाही. उरलेले पाच सेंट आता मी दुरुस्त करत बसत नाही. सिंथ चालू केल्यावर अर्धा तास त्याला तापू देतो, मग सा धरून कानानं लावून घेतो. तेवढा वेळ बाकी काही करत नाही.

स्वरांगण ताई, चार पायऱ्यांचा तंबोरा सध्या लावून ठेवलाय, गंधार ०.३२२ वर. तुमचं माहेर परभणीचं असं मागं एका धाग्यात लिहिलं होतंत. आलात तर विद्यार्थिनींसाठी रेकॉर्ड करून घेऊ. तुमचा सा कोणता?

स्वरांगण

काळी चार. रविवारी येते, सहानंतर, ऊन उतरल्यावर. माझा तंबोराही आणते, शेजारी ठेवून ऐकू.